पाहुणीला मी नाव विचारलं

मॅडमचा मेसेज चॅटमध्ये आला तोवर उशीर झाला होता. "आबा, नाव विचारू नका," असं त्यांनी लिहिलं होतं. मी नाव विचारून मोकळा झालो होतो. बाईनं ते सांगितलंही होतं. स्वतःचं, सासऱ्याचं आणि वाडीचं. छत्तीस माणसं ऐकत होती.

मी काय काम करतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तळेगावात एक छोटी संस्था आहे. एका खोलीतली, मॅडम ती चालवतात. दर शनिवारी चार वाजता ती मोबाईलवर बैठक घेते. ज्यानं त्यानं आपापल्या घरून यायचं. विषय देवाधर्माचे, जातीचे, आपण कोण याचे, आणि कुणावर अन्याय झाला असेल तर त्याचे. बैठक चालवणारा तो होस्ट. मी होस्ट आहे. मी चौथी शिकलेला. या कामाआधी तीस वर्षं पवनानगर ते कामशेत वडापची, म्हणजे सवाऱ्या भरून न्यायची, जीप चालवली. मॅडमना शिकलेला होस्ट नको होता. शिकलेला माणूस बोलला की आमच्याकडची माणसं गप्प होतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे.

काम तसं जड नाही. लोक आत येण्याआधी वेटिंग रूममध्ये थांबतात. ती ओटी समजा. मी 'अ‍ॅडमिट' दाबलं की माणूस घरात. कुणी आरडाओरडा केला तर त्याला म्यूट करायचं, म्हणजे त्याचा आवाज बंद. ज्याला भीती वाटते त्यानं कॅमेरा बंद ठेवायचा आणि नाव बदलून यायचं. कुणी 'प्रवासी' होतं, कुणी 'शेजारी'. ही बाई 'पाहुणी' होऊन आली होती. होस्टनं नाव विचारायचं नाही, हा पहिला नियम. मीच तो दर शनिवारी सुरुवातीला वाचून दाखवायचो.

त्या शनिवारी पाहुणी पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक. मागं भांड्यांचा आवाज. ती म्हणाली, "आमचा देव डोंगरावं. माज्या आजेसासऱ्याच्या टायमाला पैला नारळ आमचा असायचा. मंग गावानं फरशी घातली, लोखंडी गेट लावलं, कमिटी केली. आता आमच्या हातातला नारळ गेटावरच घेत्यात. आत ते नेत्यात. देव आमचा व्हता, कुलूप त्यांनी लावलं."

मला तो देव ओळखू आला. ते गाव माझ्या मंडळीचं, म्हणजे बायकोचं, माहेर. लग्न झाल्यापासून दर वर्षी ती मला त्या डोंगरावर घेऊन जायची. मला गुडघ्याचा त्रास, तर म्हणायची, देवाला काय तुमी जीप घेऊन जानार? तिला जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर मी तिकडं गेलो नव्हतो. आणि इथं कुणीतरी त्याच डोंगरावरचं, त्याच बोलीत बोलत होतं. मला वाटलं ही माझ्याच माणसातली कुणीतरी आहे.

मग तोंडातून निघून गेलं, "कुणाची गं तू बाय? कुठल्या वाडीची?"

आमच्या मावळात हे विचारायची रीत आहे. जीपमध्ये बाई चढली की पहिला प्रश्न हाच. कुणाची, कुठली, माहेर कुठलं. न विचारणं म्हणजे अपमान. आणि म्हाताऱ्या माणसानं विचारलं की सांगायचं, ही पण रीत. तिनं सांगितलं. मग 'पाहुणी' ही चौकट पडद्यावरून गेली. ती बाहेर पडली होती.

मॅडमनी बैठक लगेच थांबवली. मला त्यांचा फोन आला.

"आबा, काय केलंत हे?"

"चुकलं."

"रेकॉर्डिंग मी पुसून टाकलंय. पण कुणी स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर आपल्या हातात काही नाही. आज नवीन कोण कोण आलं होतं?"

यादी बघितली. त्यात एक नुसतंच फोनच्या मॉडेलचं नाव होतं. पूर्ण वेळ आवाज बंद, कॅमेरा बंद. त्याला मीच आत घेतला होता. तीस वर्षांत मी जीपमधून कुणाला खाली उतरवलं नाही, तीच खोड. तो कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.

क्लिप साडेसहाला आली. ती माझ्या फोनवर आली नाही, मंडळीच्या फोनवर आली. तिचा फोन मी अजून चालू ठेवलाय, रिचार्ज मारतो. का मारतो ते विचारू नका. तिच्या माहेरच्या गावाचा एक ग्रुप त्यात आहे. तिथं चाळीस सेकंदांची क्लिप पडली होती. कापून. आधी 'कुलूप त्यांनी लावलं', मग माझा आवाज, 'कुणाची गं तू बाय', मग तिचं नाव आणि वाडी. खाली लिहिलं होतं, गावाची बदनामी करणारी ही बाई ओळखा. ओळखायचं काही बाकी नव्हतं, मीच ओळख करून दिली होती.

एकदा घाटात ब्रेक लागेना तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. ब्रेक गेला तर जीप कठड्याला घासता येते. इथं कशाला काय घासायचं? क्लिप एकाकडून दुसऱ्याकडं चाललेली, आणि मी नुसता बघतोय. एकानं लिहिलं, हिला कामावर कुणी ठेवलं? दुसऱ्यानं लिहिलं, अध्यक्षांनीच.

कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा मेव्हणा. धरणाच्या काठाला त्याचा कॅम्प आहे. तंबू, शेकोटी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं. पाहुणी त्याच्याकडं स्वयंपाकाला आणि तिचा मालक, म्हणजे नवरा, त्याच्याकडंच तंबू ठोकायला. दोघांची चूल एका माणसाच्या हातात. तिच्या मागं भांडी वाजत होती ती मेव्हण्याच्या कॅम्पवरची होती.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. माझा नंबर तिला संस्थेनं दिला होता.

"आबा, मी बोलतीया."

"कोण?"

"आता तरी कोण म्हणून इचारू नका."

मी आवाज ओळखला. ती म्हणाली, "उद्या नऊला देवळात बोलवलंय. मला आन् मालकाला. माफी मागायची म्हणत्यात. व्हिडिओवर. म्हणायचं, मी खोटं बोलले. न्हाई म्हणलं तर दोघांनी कामावर यायचं न्हाई."

"मग तू काय ठरवलंस?"

"मालक म्हणतो, मागून टाक. माज्या तोंडातनं निघंना झालंय. खोटं काय बोलले ते तरी सांगा की." मग म्हणाली, "तुमी प्रेमानंच इचारलं असंल, आबा. समदेच प्रेमानं इचारत्यात. मंग सांगितलं की म्हणत्यात, अस्सं, ठाकराची व्हय. आन् चहाचा कप बदलत्यात."

आमच्या घरातही आदिवासींसाठी तो वेगळा कप होता. मागच्या खिडकीत, उपडा. मंडळीनं तिच्या शेवटच्या वर्षात काढून टाकला तो. मी काढला नव्हता.

मॅडमना फोन लावला. त्यांनी कायदा सांगितला. असं धमकावणं गुन्हा आहे, तक्रार करता येते, ओळखीचे वकील आहेत. मी तसंच पाहुणीला कळवलं.

ती म्हणाली, "कायदा हाय ते ठावं हाय मला. कायदा तळेगावात ऱ्हातो. मी हितं ऱ्हाते."

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती नको म्हणते तर आपण परस्पर तक्रार करायची नाही. पण उद्या मी येते तिथं."

"तुमी येऊ नका. बाहेरची माणसं आली म्हणून तिच्यावरच खापर फुटंल."

"मग कोण जाणार?"

"मी. मी त्या गावचा जावई हाय."

"आबा, मारतील तुम्हाला."

"जावयाला देवळात मारत न्हाईत," मी म्हणालो. असं कुठं लिहिलेलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. माराची वाटत होती. मेव्हण्याचं तोंड बघायचीही वाटत होती. मंडळी गेल्यावर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येणारा तो एकटाच. सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती. मी गेलो आणि माझ्यामुळं आणखी बिघडलं तर? होस्ट एकदा चुकलेला माणूस. पुन्हा चुकणार नाही याचा काय भरवसा? सोमवारी सकाळी सदऱ्याची बटणं लावताना खालचं वर, वरचं खाली झालं. दोनदा काढून लावली.

पवनानगरहून जीपनं गेलो. चालक जुना ओळखीचा. तो म्हणाला, "काय आबा, सासुरवाडी? ती क्लिप बघितली का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "त्यो इचारणारा आवाज तुमच्यावानीच वाटतो." मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

देवळाचा सभामंडप नवा. चकचकीत फरशी, देणगीदारांच्या नावांची पाटी, लोखंडी गेट. आत वीसेक पुरुष. बाई एकही नाही. पाहुणी आणि तिचा मालक गेटाबाहेर चपलांपाशी उभे. मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघितली. पस्तिशीची असेल. पदर दाताखाली धरलेला. मालक खाली बघत होता. तिनं मला आवाजावरून ओळखलं असावं. मी नुसतं "चला" म्हणालो कुणाला तरी, तर तिनं झटकन मान वर केली.

मेव्हणा उठला. "दाजी, तुमी? या या. खुर्ची आना रं दाजींना."

खुर्ची आली. जावयाला खुर्ची, हा मान. बसलो असतो तर मी त्यांच्यातला झालो असतो. न बसणं म्हणजे मान नाकारणं. मी म्हणालो, "गुडघं धरलंत, हुबाच ऱ्हातो." आणि गेटापाशी जाऊन थांबलो. चपलांपाशी, तिच्यापासून हातभर अंतरावर.

एकानं मोबाईल काढला. "चल गं. हितं बघून बोल. नाव सांग, वाडी सांग, आन् म्हण, मी खोटं बोलले, देवाची आन् गावाची माफी मागते."

तिनं मालकाकडं बघितलं.

मालक हळूच म्हणाला, "म्हन की."

"काय खोटं बोलले?" तिनं विचारलं. मोठ्यानं नाही. पण मंडप रिकामा वाटावा इतकं ते ऐकू गेलं.

कमिटीतला एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. तो सहज बोलल्यासारखं बोलला, "पैल्या नारळाचं म्हनाल तर त्ये खरं हाय. ठाकराचा मान व्हता. माज्या बापानं बघितलेला."

"आप्पा, तुमी गप बसा," मेव्हणा म्हणाला. आप्पा गप बसले.

"बोल गं!" मोबाईलवाला ओरडला आणि दोन पावलं पुढं आला. तिचा मालक तिच्या दंडाला धरू लागला. मला वाटलं आता ती बोलणार. ते शब्द एकदा बोलून गेले की परत घेता येत नाहीत, हे मला शनिवारीच कळलं होतं.

मी मोबाईलच्या आडवा झालो. ठरवून नाही. जसं तोंडातून विचारून गेलं होतं तसेच पाय निघून गेले.

"आदी माझं घे," मी म्हणालो. "लाल टिंब आलं का?"

पोरगेला माणूस, गोंधळला. "आलं."

"ऱ्हाऊ दे चालू." मी मोबाईलकडं बघून बोललो. "मी ह्या गावचा जावई. शनवारच्या बैठकीचा होस्ट. तितं नाव सांगायचं न्हाई, इचारायचं न्हाई, असा नेम हाय. ह्या बाईनं नेम पाळला. म्या मोडला. नाव तिनं गावाला सांगितलं न्हाई, म्या काढून घेतलं. म्हनून मी माफी मागतो." आणि मी तिच्याकडं वळून हात जोडले. "तुजी मागतो, बाय."

ती घाबरून मागं सरली. "आबा, नको. नको असलं."

"बंद कर रं ते!" मेव्हण्याचा आवाज. मोबाईल खाली गेला. मेव्हणा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या जवळ की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला.

"दाजी, आमच्याच देवळात आमची अब्रू काढली."

"माझी काढली. तुझी कुटं काढली?"

"ठाकराच्या बाईपुढं हात जोडलं तुमी."

"चुकलं व्हतं माझं. ज्याचं चुकलं त्यानं जोडायचं."

"मंग आमचं चुकलं म्हनायचं का तुमाला?"

इथं मी काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. हो म्हणालो असतो तर तिथं काय झालं असतं सांगता येत नाही. माझ्यापुरतं नाही, तिच्यापुरतं. मी म्हणालो, "मी माझं सांगाय आलतो. तुझं तू बघ."

मला वाटत होतं आता कुणीतरी कुणाला तरी धक्का देणार. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन वाजला. कॅम्पवरून होता. पुण्याच्या कंपनीची माणसं येणार होती, चाळीस जण, जेवायला. गाडी सोमाटण्याच्या पुढं आली होती. त्यानं फोन ठेवला, सगळ्यांवर नजर फिरवली आणि शेवटी पाहुणीकडं बघितलं.

"चाळीस माणसांच्या भाकऱ्या हायत," तो म्हणाला. "जा. कामाला लागा."

असं सुटलं ते प्रकरण. माझ्या माफीनं सुटलं की भाकऱ्यांनी, हे मला कुणी सांगितलं नाही. मॅडम म्हणतात माफीनं. मला भाकऱ्यांनी वाटतं. तेवढ्या वेळात चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी दुसरी बाई मिळणार नव्हती.

तिनं माफी मागितली नाही, आणि तिचं काम गेलं नाही. तेवढं झालं. गेट तसंच आहे, नारळ अजून गेटावरच घेतात.

मेव्हणा रस्त्यापर्यंत सोडायला आला. जावयाला सोडायला यायचं, ती रीत त्यानं त्या दिवशीही मोडली नाही. जीप आली तेव्हा म्हणाला, "ताई गेली तवाच तुमचं हितलं संपलं व्हतं, दाजी. मीच उगा धरून बसलो." त्या संध्याकाळी मंडळीचा नंबर त्यांनी गावाच्या ग्रुपमधून काढला. तसं स्क्रीनवर लिहून येतं, कुणी काढलं आणि कुणाला. मी वाचलं आणि फोन चार्जिंगला लावला.

चार दिवसांनी पाहुणीचा फोन आला. मला वाटलं बरं वाटलं म्हणून केला असेल.

ती म्हणाली, "आबा, तुमी केलं ते चांगलं का वाईट मला कळंना झालंय. आदी मला कुनी वळखत न्हवतं. भाकरीवाली एवढंच. आता समदे बघत्यात. मालक बोलत न्हाई धड. मी ताट घेऊन गेले की माणसं बोलायची थांबत्यात."

"काही करू का मी?"

"नका. काय करू नका. आन् मला परत बोलवू नका." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बैठक बंद मातुर करू नका."

मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. मीच विचारलं होतं, काढता का म्हणून. त्या म्हणाल्या, "नियम मोडल्यावर काय होतं हे दुसऱ्या कुणाला इतकं माहीत नाही, आबा. तुम्हीच राहा." आता नुसतं फोनचं नाव घेऊन आलेल्या माणसाला आत घेण्याआधी मॅडम त्याला वेगळा फोन करतात. बैठकीत मी आधी निम्मं बोलायचो, आता फार कमी बोलतो. कुणी गहिवरून बोलायला लागलं की माझा अंगठा माझ्याच म्यूटच्या बटणावर जातो. दुसऱ्याला बंद करायला नव्हे, स्वतःला.

भीती गेलेली नाही. दर शनिवारी चारला ती येऊन बसते. मला वाटतं या कामात ती असावी. नसेल तर माणूस सैल बोलतो.

गेल्या आठवड्यात मॅडमनी विचारलं, "ती पाहुणी बरी आहे ना?"

मी म्हणालो, माहीत नाही. नंबर ठेवला असता तर फोन करून विचारता आलं असतं. पण तिचा फोन उचलणारा मालक असेल तर? तो माझं नाव बघून काय म्हणेल? आणि उद्या माझाच फोन कुणाच्या हातात पडला तर त्यात तिचं नाव, नंबर, सगळं. म्हणून तिचा नंबर मी तिचा शेवटचा फोन आला त्याच दिवशी पुसून टाकला. ती बरी आहे का, हे मला कळणार नाही. न कळू देणं हेच माझं काम होतं, आणि ते मी एक शनिवार उशिरा केलं.